ब्रेकवर पाय ठेवला की

आमच्या गॅरेजचा एकच नियम आहे. ह्यांचं डोकं बॉनेटखाली असताना गाडीत कोणी बसायचं नाही. बारा वर्षांपूर्वी एका अतिशहाण्या गिऱ्हाइकाने मधेच चावी फिरवली आणि ह्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पंख्यात गेली. तेव्हापासून हे एकटेच काम करतात आणि चारचौघांत तो हात खिशात ठेवतात. मी टेबलावर बसून फोन घेते आणि ह्यांचा पारा कुठवर चढलाय त्यावर लक्ष ठेवते.

त्या दिवशी शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई मुलांना सोडून थेट आमच्याकडे आल्या. चेहरा पांढराफटक. महिन्याभरातली ही तिसरी खेप. रेल्वे फाटकात पुढचा ट्रक थबकला, ताईंनी ब्रेक दाबला आणि व्हॅन रुळांवरच बंद पडली. आत अकरा मुलं.

"लगेच चालू झाली म्हणून बरं, नाहीतर..." त्यांना पुढे बोलवेना. "पालक चिडलेत, वहिनी. तीनला शाळा सुटेल तेव्हा सगळे शाळेच्या फाटकाशी येणार आहेत. काय बिघडलंय ते सांगता आलं नाही, तर उद्यापासून दुसरी व्हॅन. नऊ वर्षं चालवतेय हो मी."

ह्यांनी बिघाड दाखवणारा स्कॅनर जोडला. तो पुन्हा इंजिनाच्या धुरातली हवा मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरकडेच बोट दाखवत होता, आणि तो सेन्सर तर ह्यांनी मागच्याच खेपेला नवा टाकला होता. इंजिनात हवा सोडणारं थ्रॉटलही साफ केलं होतं. हवा कुठून आत शिरते का ते पाहायला ह्यांनी नळ्यांवर पाणी मारलं, एकेक वायर हलवून पाहिली. इंजिन आपलं शिलाई मशीनसारखं एका लयीत चालू. एक वाजला, दीड वाजला.

पावणेदोनला ह्यांनी फडकं आपटलं. "गाडीला काही झालेलं नाही. तुमचा क्लच चुकतोय."

"भाऊ, पहिल्या दिवसापासून सांगतेय. ब्रेकवर पाय ठेवला की बंद पडते."

"ड्रायव्हर दहा गोष्टी सांगतात. सगळ्या ऐकत बसू का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, दार उघडलं आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले.

"उतर खाली!" हे ओरडले. इतकं घाबरलेलं मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"हात बाहेर काढा. दोन्ही. दिसू देत मला."

हे दोन पावलं मागे सरकले. मी ब्रेक दाबला. पायापाशी फुस्स आवाज झाला, इंजिनाने दोन गचके खाल्ले आणि ते बंद पडलं.

मग हे हलक्या आवाजात म्हणाले, "परत चालू कर. परत दाब." पुन्हा तेच झालं.

ब्रेकला जोर देणाऱ्या गोल डब्यातला रबरी पडदा फाटला होता. पाय पडला की तिथून जास्तीची हवा इंजिनात जायची. बिचारा सेन्सर तेवढंच ओरडून सांगत होता. बॉनेटखाली एकटाच माणूस, त्याचा ब्रेकवर पाय कधी पडणार?

"थोडं आणखी फाटलं असतं तर ब्रेक दगडासारखा घट्ट झाला असता, दाबलाच गेला नसता," हे म्हणाले आणि टायरवर बसून राहिले. मला ह्यांचा राग आला होता आणि कीवही.

नवा डबा उद्याशिवाय मिळणार नव्हता. मी शाळेत फोन करून मुलांना न्यायला पालकांनाच यायला सांगितलं आणि आम्ही तिघं तिथे गेलो.

शाळेच्या फाटकाशी पालक ताईंवर तुटूनच पडले. तेवढ्यात हे पुढे झाले. ह्यांनी खिशातला हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर वर धरला.

"ह्या हातामुळे मी गाडीत कोणाला बसू देत नाही. म्हणून बिघाड तीनदा माझ्या नजरेतून सुटला. चूक माझी आहे."

"मग आम्ही मुलं कोणाच्या भरवशावर पाठवायची?" एका मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"ताईंच्या. त्या पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होत्या. मी ऐकलं असतं तर तुमची मुलं रुळांवर थांबलीच नसती."

एका आईने ताईंना विचारलं, "मग उद्या नेहमीच्याच वेळेला ना?"

"उद्या नाही, परवा," ताई म्हणाल्या. "उद्या भाऊंचं डोकं बॉनेटखाली असेल आणि मी आत बसून ब्रेक दाबणार आहे."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे मान हलवून हो म्हणाले.