डॉक्टर नूतनच्या दुपारी

उरणजवळच्या ज्या गावात नूतन घरत वाढली, तिथे तिच्याआधी कुणी डॉक्टर झालं नव्हतं. वडील हरेश्वर मिठागरात राबले, खाऱ्या पाण्याने त्यांचे पाय कायमचे भेगाळलेले. थोरली बहीण राही पहिलटकरीण असताना तिला रक्तस्राव सुरू झाला. रिक्षा पनवेलकडे निघाली आणि बंदराच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत अडकली. राही तिथेच गेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली नूतन तेव्हा पंधरा वर्षांची होती. कोणी विचारलं की ती एकच सांगायची, "मी बाळंतपणं करणारी डॉक्टर होणार."

आणि झालीही असती. इंटर्नशिपमध्ये ड्यूटी संपली तरी तिचा पाय प्रसूतिगृहातून निघत नसे. मोठ्या मॅडम सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण एकदा म्हणाल्या, "घरत, तुझ्या हाताला घाई नाही. हे शिकवून येत नाही."

पुढे विनेशशी लग्न झालं. तो कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. निकेत झाला. दीड वर्षाचा झाला तरी तो पायावर उभा राहीना. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, स्नायूंचा जन्मजात आजार आहे. चालणार नाही. पुढे छातीचे स्नायूही दुबळे होत जातील.

त्याच महिन्यात पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागला. प्रसूतिशास्त्र सहज मिळेल असा नूतनचा नंबर होता.

पसंतीक्रम भरायच्या दिवशी ती लॅपटॉप उघडून बसली. विनेश शेजारी आला.

"तू काय म्हणतोस?" तिने विचारलं.

"मी काय म्हणणार? तुझं शिक्षण. तू ठरव."

सासू मनुबाई निकेतला मांडीवर घेऊन भात भरवत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "नूतन, तुला पायजे ते घे. याला मी सांभाळीन. मी हाय ना!"

"आई, आता तो लहान हाय. चार वर्षांनी तुम्हाला उचलवेल का?"

मनुबाईंनी पोराकडे पाहिलं आणि पुढचा घास कालवला.

बाईच्या कळा घड्याळ बघून येत नाहीत, हे नूतनला पुरतं ठाऊक होतं. तिने पॅथॉलॉजी पहिल्या नंबरावर टाकलं. काचेच्या पट्टीवर पेशी बघायच्या, आजार ओळखायचा, रिपोर्टवर सही करायची. पट्टी तासभर थांबते, दोन तास थांबते. प्रसूतिशास्त्र यादीत खाली ठेवता आलं असतं, पण तिने ते पुसूनच टाकलं. समोर दिसलं असतं तर बोट पुन्हा तिकडे गेलं असतं.

शिक्षणाची तीन वर्षं मनुबाईंनी खरोखरच कंबर कसून काढली. मग नूतनला उरणच्याच एका लॅबमध्ये काम मिळालं, सकाळी आठ ते एक. बरोबरच्या डॉक्टर मैत्रिणी म्हणायच्या, "आरामाची ब्रँच निवडलीस हं." ती हसून विषय बदलायची.

दुपार निकेतची. त्याला गिळायला वेळ लागे, जेवणालाच तास जायचा. मग छातीचा व्यायाम, कूस बदलणं, आणि ऊन उतरलं की व्हीलचेअर घेऊन मिठागराच्या बांधावर. लॅबने मोडीत काढलेला एक सूक्ष्मदर्शक तिने घरी आणला होता. त्यात दोघं मिठाचा खडा बघायची, डासाचा पंख बघायची.

एकदा निकेतने विचारलं, "आई, तुझे पेशंट तुला बघतात?"

"न्हाय रे. त्यांचा फक्त नमुना माझ्याकडं येतो."

"मग ते थँक्यू कुणाला म्हणतात?"

"दुसऱ्या डॉक्टरांना."

"मग मी म्हणतो. थँक्यू."

नवव्या वर्षी, थंडीत, त्याला न्यूमोनिया झाला. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला तो गेला. रक्ताचे आकडे वाचता येत असल्यामुळे नूतनला ते आदल्या दिवशीच कळलं होतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ती कामावर गेली. एक वाजता काम संपलं, सवयीने घाईघाईने घरी आली आणि दारातच थांबली. मनुबाईंनी ताट वाढलं. दोघी समोरासमोर बसल्या आणि भात निवल्यावर ताटं तशीच उचलली. पुढच्या दुपारीही तसंच.

एके दिवशी विनेश म्हणाला, "तेव्हा मी 'तू ठरव' म्हणालो. मीच ठरवायला हवं होतं का?"

"न्हाय. 'मी नोकरी सोडू का?' एवढं विचारायला हवं होतंस. मी नकोच म्हटलं असतं."

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण शब्द मागे घेतले नाहीत.

तिची मैत्रीण क्रांती प्रसूतितज्ज्ञ होती. तिचा फोन आला. "पस्तिशीच तर आहे तुझी. पुन्हा परीक्षा दे." नूतनने महिनाभर पुस्तकं उघडली. मग तिने क्रांतीला कळवलं, "नको. जन्मलेलं मूल हातात घेतलं की मी काय करीन, याचा मला भरवसा वाटत नाही."

आता आठवड्यातल्या दोन दुपारी ती गावच्या आरोग्य केंद्रात गरोदर बायका तपासायला जाते. बाळंतपण करत नाही. रक्तदाब घेते, सूज बघते, आणि ज्या बाईचं लक्षण ठीक दिसत नाही तिला दिवस भरायच्या आधीच मोठ्या दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला पाठवते. त्यासाठी घरच्यांशी भांडतेसुद्धा.

परवा सगुणा नावाची नवी पोर आली होती, सातवा महिना. नूतन रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळत असताना तिने सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला मुलं किती?"

"एक. निकेत."

"कितवीत हाय?"

"चौथीत होता," नूतन म्हणाली. पोरीला अर्थ कळला तसा तिचा चेहरा उतरला. "बोलू नकोस आता," नूतन हळूच म्हणाली, "नाहीतर आकडा चुकीचा येतो." आणि ती पाऱ्याकडे बघत राहिली.