उडणाऱ्यापुढे चपला

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या मॅटिनीला तो हमखास शेजारी असायचा. नाव कधी विचारलं नाही. मागावरून थेट यायचा, केसांत सुताचे तंतू घेऊन. उडणाऱ्यांचे सिनेमे त्याला फार प्रिय. पौराणिक सिनेमात देव उडाला की हा चपला काढून बसायचा.

एकदा इंग्रजी सिनेमात गोरा उडाला.

"देव असा घाईत उडत न्हाय," तो म्हणाला. पण गोऱ्याने पुलावरून कोसळणारी बस झेलली, तशा ह्याने चपला काढल्या.

"अहो, तो देव नाही."

"ठावं हाय की. पण मानसं वाचिवली न्हवं?"

तेवढ्यात गोऱ्याने नायिकेचा मुका घेतला. ह्याने गडबडीने एक चप्पल पायात घातली. दुसरी हातात धरून मला विचारलं, "आता हिचं काय करू?"