एक टक्क्यानं लहान

"चाक बसत नाही, सर."

निरोप एवढाच. दुपारच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मोबाईल बघायची मला खोड आहे, म्हणून तो लगेच दिसला. खाली फोटो होता. मी संगणकावर तयार केलेलं दातेरी चाक ते मागणाऱ्या गृहस्थांनी थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकमध्ये छापून आणलं होतं आणि आपल्या जुन्या शेवयाच्या यंत्राला लावून बघितलं होतं. मोठ्या चाकाचे दाते छोट्या चाकाच्या दात्यांना जेमतेम टेकत होते. जोर दिला की सटकत असणार, हे फोटोवरूनही कळत होतं.

 खोटं कशाला सांगू, पहिला विचार चाकाचा नव्हताच. पहिला विचार आला तो हा, की आता यांना कळणार.

काय कळणार, ते सांगते.

मी भंडारा जिल्ह्यातली. आठवीत असताना आई अंथरुणाला खिळली, धानाच्या रोवणीला घरचं माणूस हवं होतं, आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवऱ्याला कोल्हापूरच्या एमआयडीसीत भट्टीवर काम लागलं आणि आम्ही राज्याच्या त्या टोकाकडून या टोकाला आलो. इथं आल्यावर वर्षभर मला लोक भांडतायत की बोलतायत हेच कळत नव्हतं. मग मीही जवळच्या एका पॅटर्न शॉपमध्ये लागले. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. पंपाचं झाकण असो नाहीतर ट्रॅक्टरचा एखादा भाग, जे लोखंडात ओतायचं ते आधी लाकडात करायचं, वाळूत त्याचा ठसा घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. लाकूड घडवायचं काम मिस्त्रीमामांचं. मी पॉलिश पेपर मारते, भेगांत पुट्टी भरते, रंग देते.

शॉपमधला जुना लॅपटॉप मालकीणबाईंनी "भंगारात घालण्यापेक्षा तू ने" म्हणून दिला. त्यावर व्हिडिओ बघत बघत मी थ्रीडी मॉडेल करायला शिकले. पहिलं मॉडेल वाटीचं. तीन आठवडे लागले आणि ती बुडाशी उघडी राहिली. तरी मी ती हौशी मंडळींच्या एका मराठी ऑनलाइन गटात टाकली. वाटलं, हसतील. कुणीतरी लिहिलं, "बुडाचे चार बिंदू जोडायचे राहिलेत. बाकी घडण सुरेख आहे." दुसऱ्यानं आपल्या संगणकाचा पडदा दाखवत, हळूहळू बोलत, ते चार बिंदू कसे जोडायचे याचा व्हिडिओच करून पाठवला. तो माणूस दुबईला असतो. माझ्यासाठी कुणी अर्धा तास बसून काही समजावलंय, असं शाळा सुटल्यापासून झालं नव्हतं. तो व्हिडिओ मी अजून ठेवलाय.

तिथंच एक घोळ झाला. माझ्या खात्यावर नाव नव्हतं, चेहरा नव्हता. माझी मॉडेलं बरी व्हायला लागली तसं लोक मला "सर" म्हणायला लागले. एकानं विचारलं, "सर, मेकॅनिकल का?" मी उत्तरादाखल नुसतं हसरं तोंड पाठवलं. नाही म्हटलं नाही. म्हणजे हो म्हटल्यासारखंच झालं. त्यानंतर दीड वर्ष मी त्या गटात इंजिनिअर होते.

शेवयाच्या यंत्राचं चाक मागितलं ते लातूरकडच्या एका निवृत्त गृहस्थांनी. गटात सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांच्या बायकोच्या माहेरचं यंत्र, चाकाचे दोन तुकडे झालेले, सुटा भाग कुठं मिळेना. फोटो बघितला आणि मी ओळखलं. तसंच यंत्र मंगळवार पेठेत मिस्त्रीमामांच्या घरी होतं.

"मामा, मामींचं यंत्र आठवडाभर द्याल का?"

"कशाला? शेवया करून इकणार हायस?"

"माप घ्यायचंय."

"मंग घे की. पर मामीनं इचारलं तर तू सांग. मी त्यात न्हाय."

शॉपमध्येच, जेवणाच्या सुट्टीत, आकडे नसलेला कॅलिपर लावून आणि तो पट्टीवर धरून मी तीनदा माप घेतलं. चाक बरोबर दोनशे मिलिमीटर भरलं. पूर्ण आकडा आला म्हणजे माप बिनचूक, अशी माझी समजूत. फाइल टाकली तेव्हा वीसेक जणांनी वाहवा केली. काकांनी लिहिलं, "सर, तुमचे उपकार फिटणार नाहीत."

आणि आता हे.

मी मोबाईलकडं बघत बसले असतानाच त्यांचा दुसरा निरोप आला. "तुटके तुकडे जुळवून मोजलं. दोनशे दोन हवं होतं, दोनशेच आहे. भोकातही दांडा जात नाही, किंचित कमी आहे. तुमची चूक नसणार. छापून देणाऱ्यानंच घोटाळा केला. संध्याकाळी जाऊन त्याला चांगला फैलावर घेतो."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"डबा उघड की," मामा म्हणाले. "घरातनं भांडून आलीयास काय?"

मी मोबाईल पुढं केला. मामांनी चष्मा वर सरकवून फोटो बघितला, मग तो बोटांनी मोठा करून बघितला.

"कशानं मोजलंस?"

"पट्टीनं."

"कंच्या?"

मी बाकावरची पट्टी उचलून दाखवली. लाल रंगाचा ठिपका असलेली, सहा वर्षं माझ्या हाताखालची. मामांनी ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसून हसून त्यांना ठसका लागला, तेव्हा मला खरी भीती वाटली.

"अगं पोरी, ही श्रिंकेजची पट्टी हाय. बीड गार झालं की आकसतंय. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतोय. दर बारीला हिशेब कोण करत बसणार? म्हणून पट्टीच मोठी. हिच्यावरचा मीटर खऱ्या मीटरपेक्षा सेंटीमीटरभर जास्त असतोय. पॅटर्न करायचा हिनं, बाकीचं मोजायचं त्या दुसऱ्या पट्टीनं."

दुसरी पट्टी कॅलेंडरमागच्या खिळ्याला होती. मला वाटायचं ती जुनी म्हणून टांगून ठेवलीय.

"सहा वर्सं झाली. तुला ठावं न्हाय?"

"तुम्ही सांगितलं कुठं?"

"तू इचारलंस कुठं?"

मी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. शून्याला शून्य जुळवलं. शंभरापाशी लाल ठिपक्याची एक मिलिमीटर पुढं. दोनशेपाशी दोन. शेवटी तीन. डोळ्यांनी दिसत होतं तरी मी बोट फिरवून बघितलं. पट्टी खोटं बोलू शकते हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. माणसं, घड्याळं, तराजू, सगळ्यांचा संशय घेतला मी आयुष्यात, पट्टीचा नाही.

आणि मग दुसरा धक्का. गेल्या दिवाळीला गावी जाताना हीच पट्टी मी पिशवीतून नेली होती. घराचं दार, आईची धान कांडायची ढेकी, धानाची कोठी, बैलाचं जू, सगळं मोजून आणलं होतं. त्या वस्तू माझ्या लॅपटॉपमध्ये एकूण एक खऱ्यापेक्षा लहान होत्या. आमचं दार दोन सेंटीमीटरनं बुटकं झालं होतं आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. लोकांनी त्यांचंही कौतुक केलं होतं.

चाक दुरुस्त करायला काही लागणार नव्हतं. सगळं एक टक्का मोठं करायचं, दोन बटणांचं काम. प्रश्न होता काय लिहायचं. "फाइलमध्ये किरकोळ चूक होती, नवीन जोडली आहे," एवढं मी टाइप केलंही. पण काका विचारणार, कसली चूक. कसली म्हटलं की पट्टी आली, पट्टी म्हटलं की शॉप आलं, आणि शॉपमध्ये तुम्ही काय करता म्हटलं की पॉलिश पेपर. इंजिनिअर असली चूक कशाला करेल? न लिहावं तर तिकडं एका निरपराध माणसाला बोलणी बसणार, तीही माझ्यावरच्या विश्वासापायी.

"लिवून टाक की खरं," मामा म्हणाले.

"ते मला इंजिनिअर समजतात, मामा."

"मंग? इंजिनिअर चुकत न्हाईत व्हय? त्यांचीच ड्रॉइंगं दुरुस्त करत म्हातारा झालो मी."

मी गटातच लिहिलं. काका, छापणाऱ्याला काही बोलू नका. मग पट्टीचं लिहिलं, मामांनी सांगितलं तसंच. आणि शेवटी, एकदम, थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता म्हणून: मी इंजिनिअर नाही. मी बाई आहे, आठवीपर्यंत शिकलेली, पॅटर्न शॉपमध्ये पुट्टी भरते. तुमचा गैरसमज झाला होता आणि मी तो होऊ दिला. गटातून काढलंत तर समजू शकते. तुम्ही शिकवलंत त्याबद्दल सगळ्यांचे आभार.

पाठवलं, मोबाईल उलटा करून पिशवीत टाकला आणि पाच वाजेपर्यंत एका पंपाच्या झाकणाला पेपर मारत राहिले. इतका मारला की मामा म्हणाले, "बास कर, आरपार जाशील."

पाच वाजता बघितलं तर चाळीसेक उत्तरं. बसथांब्यावर येईपर्यंत पहिलंही उघडलं नाही. मग उघडलं.

"पितळेला किती धरतात?"

दुसरं: "पोलादाची वेगळी पट्टी असते का?" तिसरं: "म्हणजे पट्टीच मोठी? कुणी शोधलं हे? दहा वर्षं डिझाइन करतोय, मला माहीत नव्हतं." चौथ्याला ती विकत कुठं मिळते ते हवं होतं. पाचवा आणि सहावा प्लॅस्टिक किती आकसतं यावरून एकमेकांशी वाद घालत होते. काकांनी लिहिलं होतं, "बरं झालं वेळेवर कळलं, चप्पल घालून निघालोच होतो. नवीन फाइल द्या ताई." दुबईवाल्यानं विचारलं होतं, "दोन्ही पट्ट्यांचा शेजारी ठेवून फोटो मिळेल का?"

शाळेबद्दल एक अक्षर नाही. मी तीन वेळा वरपासून खालपर्यंत शोधलं. दीड वर्ष जे छातीशी दाबून धरलं होतं ते त्यांनी वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले. मला हायसं वाटायला हवं होतं. तेही वाटलं, पण नंतर. आधी मी बसथांब्यावर नुसती सुन्न उभी होते, आणि सांगायला लाज वाटते, थोडं वाईटही वाटलं, की कुणी एकानं तरी विचारायचं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्यानं हात धुता धुता ऐकून घेतलं.

"शाळेचं कोणीच पुसलं नाही?"

"नाही."

"मंग इतके दिवस भेली काहून होतीस?"

मी भाकरी वाढली.

रात्रीत नवीन फाइल पाठवून झाली होती. सकाळी शॉपवर जाऊन दोन्ही पट्ट्या बाकावर ठेवल्या. मामांना विचारून घेतलं: पितळेला दीड टक्का, पोलादाला दोन. "आणि लिव्ह त्यांना," मामा म्हणाले, "कास्टिंगची जाडी बगूनबी बदलतंय म्हणावं. पुस्तकातलं आणि वाळूतलं एक नसतंय." तेही लिहून घेतलं. मग फोटो काढायला लागले तर पट्ट्या सरकत होत्या. एका हातानं दाबून धरल्याशिवाय शून्याला शून्य जुळेना. दाबून धरलं की माझी बोटं फोटोत यायची, नखांत पुट्टी, पेपरनं घासून गुळगुळीत झालेली टोकं. दोन फोटो बोटं चौकटीबाहेर ठेवून काढले. दोन्हींत पट्ट्या हललेल्या.

तिसऱ्या वेळी नीट दाबून धरल्या. शेवटचा तीन मिलिमीटरचा फरक स्वच्छ दिसत होता. बोटांसकट तसाच पाठवून दिला.