इंटरवललेच टाकलेला रिव्ह्यू

थांबा, बाकी सगळं मंग. मले हे आत्ताच सांगाचं हाये, नाहीतर मी परत गप्प बसन. आमचे गौतममामा, माह्या आईचे मोठे भाऊ, जैनथले क्लार्क होते. त्याईले वारून तीन आठवडे झाले. आईचा फोन आला तवा मी आदिलाबादले कॉलेजात होती, अन् खरं सांगते, पहिले मनात आलं... आता शुक्रवारी कोण बोलन?

कारण शुक्रवारी मामा बोलत अन् मी टाइप करो. आमच्या इकडं तेलंगणात टॉकीजात लागते तेलुगू पिक्चर. गावातल्या मावश्यांले बाजारापुरती तेलुगू समजते, पन हिरो-हिरोईन भराभरा बोलाले लागले की संपलं! म्हणून मामा पहिला शो पाहत, बाहेर येऊन मले फोन लावत, अन् मी ते मराठीत लिहून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाको. खाली नाव मामांचं. मावश्या वाचून ठरवत अन् रविवारी ऑटो करून येत. गान्याचं मामांचं माप वेगळंच. टॉकीजपासून बसस्टँडपर्यंत पायी जात. तिथं पोचेपर्यंत गानं तोंडात ऱ्हायलं, तर चांगलं. "अन् नाही ऱ्हायलं तर?" मी इचारलं. "तर समज, ढोल लय वाजवले, चाल बसवाचं भुलला."

एका शुक्रवारी मीपन संग गेली. पहिला अर्धा भाग असा रटाळ का काय सांगू! इंटरवलले मामा चहाले गेले अन् मी बसल्या जागी लिहिलं, "झोप येत नसन तर जा, मस्त येते." टाकलं पन! त्याईच्या नावानं! मंग दुसरा भाग सुरू झाला... शेवटी बाप अन् पोरगी समोरासमोर बसते, कोनी काही बोलत नाही, फकस्त हार्मोनियम वाजते. मामा चष्मा पुसून राह्यले होते. अन् मी फोन पाहून राह्यली होती. मावश्यांनी रविवारचा ऑटो कॅन्सल केला होता.

बाहेर आल्यावर मी सांगून टाकलं. मामा म्हणले, "लिही. माही घाई झाली, इंटरवललेच निकाल देला. पिक्चर पाहासारका हाये."

"पन मामा, ते तर मी..."

"खाली नाव कोनाचं हाये? माहं ना? मंग लिही."

लिहिलं. पन तवापर्यंत ऑटोवाल्यानं दुसरं भाडं घेतलं होतं, अन् पुढच्या शुक्रवारी पिक्चर उतरला. शेजारच्या सुशीलामावशीनं मामांले बसस्टँडवर गाठलं. "काहो गौतमभाऊ, तिकीट काढून झोपाले जाता काय? तुमच्या भरवशावर आमी कपडे इस्त्री करून ठेवतो!" सगळे हसले. मामापन हसले. मी बाजूलेच उभी होती. एक शब्द बोलली नाही.

मामा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले तीच मावशी म्हणली, "मानूस सोन्यासारका. पिक्चरच्या बाबतीत एकच डाव चुकला."

मले राहावलं नाही. "मावशी, तो रिव्ह्यू मी टाकला होता. मामांनी तर अर्धाच पिक्चर पायला होता तवा."

मावशी हळूच म्हणली, "काऊन सांगतलं नाही वं तवाच? म्या त्याले चारचौघात बोलली... आता ते कोनापाशी वापस घेऊ?"

दोघी तिथंच चटईवर बसून राह्यलो. ग्रुपवरच्या बाकीच्याईले अजून वाटते का मामा चुकले. नाही चुकले. मी चुकली.

तुमचं झालं काय कदी असं? माफी मांगाले तुमी तयार, अन् ज्याले मांगाची तोच नाही... मंग तुमी काय केलं?