विसीच्या पावाच्या बाहुल्या

माझी वहिनी विसितासियोन इनेस्त्रोसा हिच्याबद्दल विचारायला आता बोगोताहून माणसं येतात. ती त्यांना पाव खायला घालते आणि काही सांगत नाही. मग ती माणसं धक्क्यावरच्या माझ्या दुकानात येतात. मी सांगते, पण त्यांना हवी असते संत, आणि आमची विसी काही संत नाही. ती हट्टी आहे, भातात मीठ जास्त घालते आणि नाकावर माशी बसू देत नाही. नदीवर कपडे धुवायला नवऱ्यानंही यायचं, अशी अट तिनं माझ्या भावाला लग्नाआधीच घातली होती. तो अजूनही जातो, आणि वर कुणाला पत्ता लागत नाही अशा समजुतीत राहतो.

विसी पाव भाजते. तिच्या परसात मातीची मोठी भट्टी आहे. दर मंगळवारी नदीकाठच्या बायका तिथं जमायच्या, कारण ती एकच जागा अशी होती की जिथं पुरुष फिरकत नसत. कुणी आलाच तर विसी त्याला लाकडं फोडायला लावायची. तेव्हा डोंगरातली हत्यारबंद माणसं आमच्या धक्क्यावर यायला लागली होती. मीठ, बॅटऱ्या, कोंबड्या, जे दिसेल ते उचलायची. पैशांचं नाव काढलं की बंदूक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यायची. एका मंगळवारी बायकांनी ठरवलं की धक्क्याच्या पहिल्या पायरीच्या वर बंदूक चढू द्यायची नाही.

"मग आधी आपल्या घरातल्या," विसी म्हणाली.

आमच्याकडे दर घरात शिकारीची एक तरी बंदूक होती. मी तिला म्हटलं, अगं, डुकराचं मटण काय तू पावाच्या पिठातून काढणार आहेस? ती म्हणाली, की घरात बंदूक असली की भांडणात हात तिकडेच जातो, आणि हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. ते खरं होतं. माझ्या नवऱ्यानं एकदा शेजाऱ्यावर बंदूक रोखली होती, तीही एका केळीच्या घडावरून. मी दुसऱ्या दिवशी आमची बंदूक चादरीत गुंडाळून नेऊन दिली.

एकोणीस बंदुका जमल्या. त्या चर्चच्या मागच्या खोलीत ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे दिली. ती कुठं ठेवली हे ती आठवड्याभरात विसरली. पुरुषांनी वर्षभर कुरकुर केली आणि मासे खाल्ले. मग बायका धक्क्याच्या पायऱ्यांवर कपड्यांच्या पाट्या घेऊन बसायला लागल्या. डोंगरातली माणसं आली की एकच वाक्य: बंदूक होडीत ठेवून या, मग मीठ घ्या. पहिल्यांदा ती हसली. एकानं माझ्या डोक्यावरून गोळीही झाडली, दुकानाच्या पत्र्याला अजून भोक आहे. पण रोज चाळीस बायकांना ओलांडून जायचं म्हणजे त्यांनाही कंटाळा यायला लागला. हळूहळू बंदुका होडीत राहायला लागल्या.

मी म्हणत होते की हे हात दाखवून अवलक्षण आहे, ते कुठंतरी दुसरीकडे उट्टं काढतील. तसंच झालं. फेब्रुवारीत, एका महिन्यात, नदीकाठची सात मुलं डोंगरात गेली. कुणाला बुटांची आणि मोबाइलची भुरळ घातली, कुणाला शाळेच्या वाटेवरून नेलं. सातातली एक विसीची मुलगी, नुबिया. ती सोळा वर्षांची होती आणि तिला कुणी नेलं नव्हतं. ती आईशी भांडून आपल्या पायांनी गेली होती. "तुझ्या त्या बायकाच तुझ्या मुली," असं म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांनी विसी तालुक्याच्या कचेरीत गेली. तिथल्या साहेबानं सातही नावं वहीत सुबक अक्षरात लिहून घेतली आणि कळवतो म्हणाला. ती परत आली तेव्हा माझ्या दुकानात पिठाच्या पोत्यावर बसली आणि मला म्हणाली, "दोमी, मी तिला घालवली." मी तिला कॉफी दिली.

ईस्टर झाला आणि बाहुल्यांचे दिवस आले. आमच्या नदीवर ईस्टरनंतरचे काही आठवडे पावाच्या बाहुल्या भाजतात, लवंगांचे डोळे लावून. पोरं त्यांचा बाप्तिस्मा करतात. ज्याच्या हातात बाहुली द्यायची तो तिचा धर्मपिता होतो, आणि बाहुलीवाली त्याची कोमाद्रे, तो तिचा कोम्पाद्रे. खेळच आहे, पण तो आयुष्यभर सुटत नाही. सहा वर्षांच्या वयात ज्याला कोम्पाद्रे केलं त्याला मरेपर्यंत अहो-जाहो करायचं, त्याच्याशी भांडायचं नाही. आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी कोमाद्रे जे एक मागेल ते द्यायचं. जो देणार नाही त्याच्या मयताला आमच्या बायका गात नाहीत, आणि गाण्यावाचून आत्मा घरातल्या घरातच अडकून पडतो. हे सगळं आम्ही खरं मानतो. तुम्ही मानू नका, पण डोंगरातली माणसंही याच नदीची होती.

त्यांच्या म्होरक्याला सगळे डावखुरा म्हणायचे. तो खाली नदीच्या मुखाकडच्या गावचा. त्याच्या आईकडेही भट्टी होती, हे विसीला माहीत होतं. एके सकाळी तिनं टोपलीभर बाहुल्या भाजल्या आणि बाकीच्या पाच आयांना होडीत बसवलं, सहावी ती स्वतः. सातव्या मुलीची, सेल्मिराची, आई वारली होती आणि तिच्या आजोबाला होडीत चढता येत नव्हतं. मीही बसले, कारण त्यांच्यात एक तरी शहाणं माणूस हवं होतं. होडीत मी विसीला सांगून ठेवलं, की एकच मागता येतं, तेव्हा डोकं ठिकाणावर ठेव आणि पोरगी घेऊन ये. ती नदीकडे बघत राहिली.

छावणी म्हणजे ताडपत्र्यांच्या सहा झोपड्या आणि एक चूल. आमची मुलं मागं रांगेत उभी होती, अंगात मोठ्या मापाचे सदरे. नुबियानं आईकडे बघून मान फिरवली. डावखुरा झोपाळ्यातून उठला नाही.

"मावशी, पाव विकायला आलीस?" त्यानं विचारलं.

विसीनं टोपलीवरचं फडकं काढलं. त्याची माणसं पुढं सरकली. एक म्हणाला, आईशप्पथ, लवंगांचे डोळे. दुसऱ्यानं सांगितलं की त्याची आजी मनुके लावायची. तेवढ्यात तीन-चार जण आपल्या जुन्या बाहुल्यांची नावं सांगायला लागले. माणूस कितीही वाईट झाला तरी त्याला आपली बाहुली आठवते, हे मी तिथं पाहिलं. डावखुराही शेवटी उठला. हसत म्हणाला, चल, दे एक, नऊ वर्षांत मला कुणी कोम्पाद्रे केलेलं नाही.

"दोन्ही हातांनी घ्यावी लागते," विसी म्हणाली. "मूल एका हातानं धरत नाहीत."

त्याच्या डाव्या हातात बंदूक होती. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. मग बंदूक झाडाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. विसीनं नदीचं पाणी शिंपडलं आणि त्याला नाव विचारलं, खरं नाव, कारण टोपणनावानं धर्मपिता होता येत नाही.

"फुल्हेन्सियो," तो म्हणाला. त्याच्या माणसांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"आता तुम्ही माझे कोम्पाद्रे," विसी म्हणाली. "मी एक मागते. आमची सात मुलं."

त्याचं हसू गेलं. पण तो ओरडला नाही, आणि तेही मी लक्षात ठेवलं आहे. म्हणाला, "कोमाद्रे, एक म्हणजे एक. तुम्हीही याच नदीच्या आहात. एक निवडा आणि घेऊन जा. बाकीचं माझ्या हातात नाही."

बाहुली त्याच्या हातात तशीच होती. बाकीच्या पाच आया माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि एकीलाही विसीकडे बघवत नव्हतं. नुबियानं आता मान इकडं केली होती. तिच्या चेहऱ्यावर सगळा राग होता आणि त्या रागाच्या मागं एवढंसं पोर होतं. मी मनात म्हटलं, बोल, बये, नाव घे. आईनं दुसरं काय करायचं असतं?

विसी रांगेच्या टोकाला गेली आणि तिनं सेल्मिराचा हात धरला. सेल्मिरा तेरा वर्षांची होती, रांगेतली सगळ्यात लहान.

"ही," विसी म्हणाली.

परत येताना होडीत एकटी मी बोलले. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आपली पोरगी सोडून परक्याची उचलून आणणारी बाई म्हणजे काय, ते मी तिला धक्का येईपर्यंत सांगितलं. ती वल्हं मारत राहिली. सेल्मिरानं टोपलीतल्या उरलेल्या बाहुल्यांपैकी दोन खाल्ल्या आणि झोपून गेली. तिच्या आजोबानं तिचा चेहरा हातांनी चाचपला, आणि मी दुकानात जाऊन रडले. विसीवरचा राग मात्र तसाच होता.

पुढच्या गुरुवारी विसीनं पुन्हा भट्टी पेटवली. बाहुल्यांचे दिवस सरले तरी पेटवत राहिली. गावातल्या म्हाताऱ्या म्हणायला लागल्या, ऑगस्टात कधी बाहुल्या भाजतात का, देवाला तरी काय वाटेल? विसी म्हणाली, देवाला काय वाटेल ते मी त्याला भेटल्यावर बघून घेईन. दर गुरुवारी होडी जायची. आता दुसरी आई पुढं व्हायची आणि तिची बाहुली दुसराच कुणी तरी हातात घ्यायचा, पहारेकरी, स्वयंपाकी, जो पुढं येईल तो. घेताना त्याला बंदूक खाली ठेवावी लागायची आणि खरं नाव सांगावं लागायचं. मग तो कोम्पाद्रे जाऊन डावखुऱ्यासमोर उभा राहायचा आणि आपल्या कोमाद्रेचं मागणं मागायचा. डावखुरा बरेच गुरुवार नाही म्हणायचा. एकदा त्यानं होडी अर्ध्या वाटेवरूनच परत पाठवली. पण आपल्याच माणसांच्या मयताला कुणी गाणार नाही अशी वेळ आणायला त्यालाही जड जात असावं. जूनमध्ये एक मुलगा आला, ऑगस्टात दोन. शिवाय छावणीतले दोघे तरणे पुरुषही एका रात्रीत पळाले आणि आपापल्या आयांकडे गेले. त्याचं श्रेय विसी घेत नाही. मी घेते.

नुबियासाठी विसीला मागता येत नव्हतं, कारण तिचं एक मागून झालं होतं. डावखुऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला बाहुली द्यायला ती तयार नव्हती. म्हणायची, एका वर्षात दोन कोम्पाद्रे करून मी नदीला फसवणार नाही. मी म्हटलं, अगं, फसव की. शेवटी ऑक्टोबरात मीच एक बाहुली उचलली आणि छावणीतल्या स्वयंपाक्याच्या हातात दिली. त्यानं पळी खाली ठेवली आणि नाव सांगितलं. मी मागितलं, माझी भाची. तीन गुरुवार लागले.

नुबिया घरी आली ती परसात भट्टीपाशी उभी राहिली. आत येईना. मी, माझा भाऊ, सेल्मिरा, सगळे तिथंच होतो. ती मोठी झाली होती आणि हातावर भाजल्याचा डाग होता.

"तू माझं नाव का घेतलं नाहीस?" तिनं आईला विचारलं.

विसीचे हात पिठात होते. तिनं ते पुसले नाहीत.

"तुझ्यासाठी मी परत येणार होते," ती म्हणाली. "तू मिळेपर्यंत येत राहणार होते. तिच्यासाठी कुणी येणार नव्हतं."

"मला वाटलं, तुला मी नको होते."

"मला ठाऊक आहे. तुझ्या तोंडावर दिसत होतं. सहा-सात महिने मी तेच बघत झोपले."

नुबिया रडली नाही. आत गेली, जेवली आणि दोन दिवस झोपली. आईशी धड बोललीही नाही. मला वाटलं, संपलं, हे आता असंच राहणार. ज्या गोष्टीची भीती घेऊन मी सहा-सात महिने विसीला टोचत होते तीच झाली म्हणायची.

गुरुवारी सकाळी आया होडीत बसत होत्या. अजून दोन मुलं राहिली होती. नुबिया पायऱ्यांवरून खाली आली. छावणीतले कपडे तिनं टाकून दिले होते आणि आपलं जुनं पिवळं पोलकं घातलं होतं, दंडांवर घट्ट झालेलं. ती सरळ होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसली. मी दुकानातून धावत आले आणि तिला म्हटलं, वेडी आहेस का, ते तुला परत ठेवून घेतील. पण विसीनं मुलीला उठवलं नाही, फक्त विचारलं की कशाला यायचंय.

"मी आत जाणार नाही," नुबिया म्हणाली. "होडीत बसेन. त्या दोघांना मी या कपड्यांत लांबून दिसले, एवढं पुरे. आमच्या रांगेत म्हणायचे की छावणीतून नेलेली मुलं घरी पोहोचत नाहीत."

विसी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि बाहुल्यांची टोपली तिच्या मांडीवर ठेवली. नुबियानं ती दोन्ही हातांनी धरली. मग मीही दुकानाला कुलूप लावलं आणि होडीत चढले.