आप्पांच्या पापण्या

आमच्याकडे ना जमीन होती, ना सोनंनाणं. वारसा म्हणून जे होतं ते डोळ्यांवर होतं. माझे वडील, आप्पा, उचगावात शिवणकाम करायचे. त्यांच्या वरच्या पापण्यांची कातडी इतकी सैल होती, की ती खाली उतरून पापण्यांच्या केसांवर टेकायची. मशीनवर बसले की नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मास्तरांना डुलकी लागलीय. ‘मास्तर, जागं हायसा न्हवं?’ असं विचारूनच माणसं आत शिरायची. आप्पा मान वर न करता म्हणायचे, ‘तुझ्या इजारीपुरता हाय.’

तेच डोळे माझ्या वाट्याला आले. पुरुषाच्या तोंडावर ते भारदस्त दिसतात. बाईच्या तोंडावर आले की बाई आळशी ठरते. मी कोल्हापुरात एका बँकेत काउंटरवर होते. ‘बाई, रात्रपाळी केलासा काय?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ठरलेला. मी काही ऐकून घेणारी नव्हे. ‘तुमच्या सह्या जुळवता जुळवता डोळे उतरले’ म्हणून मोकळी व्हायची. पण घरी गेल्यावर आरशापुढे उभं राहायचं ते राहायचंच. चाळिशी आली तशा पापण्या आणखी खाली आल्या. काजळ घातलं तर दुपारपर्यंत वरच्या घडीत उमटायचं. भुवया वर ओढून धरायची सवय लागली आणि संध्याकाळी कपाळ ठणकायचं. तरी खोटं कशाला सांगू, मला दिसत सगळं होतं. ऑपरेशन मी दृष्टीसाठी केलं नाही. बरं दिसावं म्हणून केलं.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. पुण्यात एक डॉक्टर नुसत्या पापण्यांची कातडी काढून देतात, असं बँकेतल्या मैत्रिणीच्या वहिनीकडून कळलं. प्लास्टिक सर्जरी हा शब्द तेव्हा आमच्याकडे भाजलेल्या माणसांसाठी होता. सासूबाई घाबरून म्हणाल्या, ‘डोळ्यात प्लास्टिक बशिवणार व्हय गं?’ नवरा हसला, ‘सिनेमात घेतंय का कोण तुला?’ आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या रजेचा अर्ज टाकून आला. तसा तो माणूस चांगला.

डॉक्टरांनी निम्मा वेळ प्रश्न विचारण्यातच घालवला. डोळे कोरडे पडतात का, चुरचुरतात का, रक्तदाब आहे का, साखर आहे का. डोकं दुखलं की मी जी गोळी घ्यायची ती त्यांनी आधीपासून बंद करायला लावली, कारण तिनं रक्त थांबायला वेळ लागतो. मग स्पष्ट सांगितलं, ‘कातडी कमी होईल, वय नाही. आणि दोन्ही डोळे जुळे दिसणार नाहीत, सख्खे भाऊ दिसतील.’ मला हे बोलणं आवडलं. भूल फक्त पापण्यांना दिली. सुई टोचताना डोळ्यांतून पाणी आलं, नंतर नुसती ओढ जाणवत होती, आणि केस जळल्यासारखा वास. मी सगळा वेळ जागी होते. मला घाबरू द्यायचं नाही म्हणून डॉक्टर मुदत ठेवीवर व्याज किती मिळतं ते विचारत राहिले, आणि मीही पडल्या पडल्या सांगत राहिले.

निघताना त्यांनी नियम सांगितले. उशा लावून डोकं उंच ठेवून झोपायचं. गार पट्ट्या ठेवायच्या. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुरात जायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत, रडायचं नाही. एकाएकी जोराचा ठणका लागला किंवा दिसेनासं झालं तर कुठलीही वेळ असो, धावत यायचं. मी बँकेतली बाई. नियम एकदा सांगितला की माझ्या डोक्यात तो दगडावरची रेघ होऊन बसतो.

त्यानंतर काय होतं ते आधी कोणी नीट सांगत नाही. सांगितलं तरी आपण ऐकत नाही. डोळे पिकल्या जांभळासारखे झाले, मग हिरवट, मग पिवळट. झोपेत ते पुरते मिटेनात, खाली फट राहायची. नवरा एकदा दचकून उठून बसला. झोपताना मलम घातलं की सकाळी सगळं जग धुक्यात असायचं. टाक्यांना खाज सुटायची आणि हात मांडीखाली दाबून बसावं लागायचं. त्या दिवसांत मी किती वेळा म्हटलं असेल, की हे कुठलं विकतचं दुखणं घेतलं.

पुण्याला जाऊन टाके काढून आले, आणि आप्पा बसनं मला बघायला आले. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, ‘काढ तो काळा चष्मा.’ मला खिडकीशी उभं केलं आणि दुसऱ्या टेलरनं शिवलेला ब्लाऊज पाहावा तसं निरखून पाहिलं.

‘टाका बारीक हाय,’ म्हणाले. ‘पर कापड जास्ती उडवलंय. शिवणीला माया ठिवली न्हाई.’

मी सांगितलं, की सूज आहे, उतरली की डोळे मिटतील. (आणि पुढे ते मिटू लागलेही. आप्पांचा अंदाज चुकला.) ते हसले. मग पिशवीचे बंद आवळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘माझं डोळं तुला एवढं जड झालतं व्हय गं?’

थट्टाच होती ती. पण थट्टा करताना आप्पा कधी नजर चुकवत नसत. काउंटरवर येणाऱ्या दहा गावच्या माणसांना उत्तर देणारी मी, त्या दिवशी चहाचं आधण ठेवायला वळले. मी विचारलं, ‘चहात साखर घालू न्हवं?’

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, ‘सूज उतरली की ये घरला. नवं तोंड बघू दे. नव्या तोंडाला नवा ब्लाऊज शिवतो.’

मी गेले नाही. उचगाव काय लांब होतं? बसमध्ये बसायची आणि उतरायची खोटी. पण उजवा डोळा डाव्यापेक्षा जाड दिसत होता, पिवळेपणा गालावर उतरला होता. दर रविवारी मी आरशात बघायची आणि म्हणायची, पुढच्या रविवारी जाऊ. शिंप्याची लेक मी. कच्चे टाके असताना गिऱ्हाइकाला कपडा दाखवत नाहीत, एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. आप्पांनी काम पुरं झालेलं बघावं आणि एकदा तरी ‘बेस झालंय’ म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. ते म्हणाले असते तर पिशवीचे बंद आवळताना केलेली ती थट्टा मिटली असती.

मी गॉगल लावून कामावर रुजू झाले होते. दुपारी साहेबांच्या टेबलावर भावाचा फोन आला. आप्पा मशीनवर बसल्या जागीच गेले होते. शेजारच्या दुकानदारानं दोनदा पाहिलं होतं, पण नेहमीसारखे वाटले म्हणून तो बोलला नव्हता.

आमच्याकडे माणूस गेलं की आलेली प्रत्येक बाई घरातल्या बाईच्या गळ्यात पडते आणि दोघी मोठ्यानं रडतात. त्यात दिखावा असतो असं शिकलेली माणसं म्हणतात. मला तसं वाटत नाही. एकटीनं रडायला जे जमत नाही ते दुसरीच्या गळ्यात जमतं. त्या दिवशी एकेक बाई माझ्या गळ्यात पडली आणि मी खांबासारखी ताठ उभी राहिले. तुळईकडे बघत राहिले. ‘रडायचं नाही’ हा डॉक्टरांचा नियम मनात घोकत होते. पायांवर डोकं ठेवायला गेले तर आईनं दंड धरला, ‘वाकू नगंस बाई, डोळ्याला दणका बसंल.’ त्या माउलीला तेवढ्यातही माझ्या डोळ्यांची काळजी. मग मी आप्पांच्या पायाशी नुसती बसले. उदबत्तीचा धूर आला तेव्हा तोंड फिरवलं.

मागून कोणीतरी हलक्या आवाजात विचारलं, ‘लेक हाय का पावणी?’

मला ते ऐकू आलं. तरी मी रडले नाही. माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. हे डोळे आता बिघडवले तर आप्पांना काय तोंड दाखवू, असा विचार मी करत होते. आणि आप्पा माझ्यापुढे निजलेले होते.

दिवसकार्य उरकल्यावर तपासणीसाठी पुण्याला गेले. डॉक्टर कामावर खूश झाले. मी त्यांना विचारलं, की वडील गेले तेव्हा मी रडले नाही, ते बरं केलं ना? त्यांनी हातातली बॅटरी खाली ठेवली.

‘अहो, ते सुरुवातीच्या दिवसांपुरतं होतं,’ ते म्हणाले. ‘टाके निघून बरे दिवस झाल्यावर रडायला काही हरकत नव्हती. विचारायचं तरी.’

त्यांचा दोष नाही. विचारायचं मला सुचलं नाही. आता शेजारपाजारची कोणी पापण्यांचं करून घ्यायचं म्हणून माझ्याकडे चौकशीला आली, तर बर्फ, उशा, मलम सगळं सांगते, आणि एक गोष्ट दोनदा सांगते. डॉक्टर जे जे नको म्हणतील ते कुठवर नको, हे विचारून घे.

पुण्याहून परत येताना रडायचा प्रयत्न केला. आलं नाही.

आप्पांची थोरली बहीण मलकापूरला असायची. मांडीचं हाड मोडल्यामुळे तिला अंत्यदर्शनाला येता आलं नव्हतं. आई म्हणाली, आत्तीला भेटून ये. गेले. तिनं मला खाटेजवळ बसवलं आणि खिडकीचं दार उघडायला सांगितलं. दोन्ही हातांत माझं तोंड धरून तिनं ते उजेडाकडे वळवलं. ‘खाली बघ,’ म्हणाली. मग ‘वर बघ’ म्हणाली. एक बोट पापणीवरून फिरवलं, अगदी अलगद.

‘दुखतंय?’

‘न्हाई, आत्ती.’

‘चांगलं केलंय डाक्तरनं. ल्हान दिसतीस.’ तिनं हात काढून घेतले. सुनेला चहा ठेवायला सांगितला, माझ्या मुलांची चौकशी केली, बँकेत काम फार असतं का ते विचारलं. मी निघताना म्हणाली, ‘तुझ्या भावाला एकडाव लावून दे की हिकडं.’

‘काही काम होतं का?’

‘काम कसलं? आमच्या धाकट्याचं, तुझ्या आप्पाचं डोळं हायत न्हवं त्याला. बघून घेतो एकडाव.’

मी हो म्हटलं. मलकापूरच्या स्टँडवर बस लागायला अवकाश होता. मी बाकावर बसले आणि रडू आलं ते थांबेना. गॉगल काढून ठेवला, पदर तोंडाशी धरला, लोक बघतात याची शुद्ध राहिली नाही. शेजारी टोपली घेऊन बसलेली एक अनोळखी बाई सरकून जवळ आली आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

‘कोण गेलं गं?’

‘वडील.’

‘आज?’

मी मान हलवून हो म्हटलं.