जहागीरची अंघोळ

रेड्याला अंघोळ घातली की त्याची मस्ती उतरते, असं कडा गावाच्या आसपास जाणती माणसंही छातीठोकपणे सांगत. वत्सलाबाईचाही त्यावर पुरता विश्वास होता. म्हशी फळवायला पाळलेला तिचा काळाकभिन्न रेडा जहागीर गावच्या सांडपाण्याच्या डबक्यात खुशाल लोळायचा आणि शेणाची पुटं मिरवत घरी यायचा. जेवढा वास, तेवढा जोर!

या जहागीरनंच तिला उसाच्या फडातून सोडवलं होतं. कितीतरी हंगाम तिनं नवऱ्याबरोबर, शहादेवबरोबर, ऊस तोडला. फडाशेजारच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीतच ती बाळंत झाली. रेडा घेतला, गावोगावच्या म्हशी दारात येऊ लागल्या आणि घर सावरलं. पण गेल्या हिवाळ्यापासून दाखवलेल्या म्हशी उलटू लागल्या, गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागल्या. घरच्या दोन्हीही उलटल्या.

"म्हातारा झाला त्यो. बाजारात इकून टाकू, आन दसऱ्याला तोडीला जाऊ," शहादेव म्हणाला.

"दसऱ्यापतुर दम धरा. न्हाईच जमलं तर मी सोता कोयता हातात घेते," वत्सलाबाई म्हणाली.

तिनं जनावरांच्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंना गाठलं. त्यांनी रेड्याचं वीर्य नळीत धरलं, थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि तिलाही बघायला लावलं. थेंबात सगळी मरगळ. एखादाच जीव वळवळत होता, बाकी नुसता पू.

"रेडा म्हातारा नाही, मावशी. याला शेवटचं कधी धुतलंत?"

"धुवत न्हाई. मस्ती उतरती न्हवं?"

डॉक्टरबाईंनी जहागीरच्या पोटाखाली, लघवीच्या जागेचे केस दाखवले. शेण-मूत वाळून त्यांची ढेपळं झाली होती. "ही घाण आत शिरते, सूज येते, वीर्य नासतं. आणि तीच घाण म्हशीलाही लागते." वत्सलाबाईला स्वतःचाच संताप आला. सोन्यासारखं जनावर आपल्याच हातानं उकिरड्यात घातलं की!

मग औषधं सुरू झाली. बाहेरच्या म्हशी बंद, डबकं बंद. गोठ्यात कोरडा मुरूम पडला. डॉक्टरबाईंनी दाखवलं तसे तिनं ते केस कात्रीनं आखूड केले. रोज उकळून गार केलेल्या पाण्यानं ती जागा धुवायची, स्वच्छ फडक्यानं टिपायची. पहिल्या दिवशी जहागीरनं बादली लाथाडून तिला चिखलात बसवलं. गावाला तेवढंच पाहिजे होतं.

"वत्सलाबाई रेड्याची हजामत करतीया!" म्हशीवाला सोमेश्वर पारावरून ओरडला.

"करते. रांगंत उभा ऱ्हा, तुजीबी करते!"

दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पुन्हा थेंब तपासला आणि तिला जवळ ओढलं. वत्सलाबाईनं डोळा लावला. चुलीवरच्या आधणासारखा थेंब खदखदत होता! तिनं आनंदानं डॉक्टरबाईंना मिठीच मारली.

तेव्हापासून गोठ्यात नवा कायदा आला. मागून धुतल्याशिवाय म्हैस आत घ्यायची नाही. चारदा उलटलेली म्हैस घेऊन सोमेश्वर नाक मुरडत आला.

"अंघोळ? कावून? लगीन हाय का तिचं?"

"तसंच समज. हौद तिकडं हाय."

तो धुसफुसत हौदाकडे गेला.

दसरा तोंडावर आला, तेव्हा तोडीच्या टोळीचा मुकादम ओट्यावर येऊन बसला. घरच्या दोन्ही म्हशी गाभण असल्याचं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. पण बाहेरच्या लोकांचा भरवसा बसला नाही, तर त्या दोन म्हशींवर घर कसं चालणार? शहादेव मान खाली घालून बसला. तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली.

"वैनी! ऱ्हायली! माजी म्हैस गाभण ऱ्हायली!" सोमेश्वर धापा टाकत दारात आला. "डाक्टरीनबाईनं आत्ताच तपासली. आन ह्यो माजा मेव्हणा, शिरूरहून त्याची म्हैस घिऊन आलाय. धुऊन आणलीया!"

मुकादमानं शहादेवकडं पाहिलं. "मग, येताय न्हवं औंदा?"

"मुकादम, च्या घ्या आन फुडल्या घरी जावा," वत्सलाबाई म्हणाली.

मुकादमाची नजर अजून शहादेववरच होती.

"माज्याकडं काय बगता?" शहादेव हसला. "तिनं सांगितलं की."